गवयाची बिदागी आणि घरची वही

दर महिन्यास या सदरांतून आम्ही घरगुती विषयांवर चार शब्द लिहीत असतों. या खेपेची गोष्टहि घरचीच आहे. मात्र ती सांगतांना आम्हांस थोडा संकोच वाटतो, कारण तींत चूक झाली ती आमच्याच दिवाणखान्यांत. दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवून उपदेश करण्यापेक्षां आपली चूक कबूल करून बोलणें बरें, असें मनांत आणून ती येथें देत आहों.

आमच्याकडे गणपति पांच दिवसांचा असतो. चौथ्या दिवशीं सायंकाळीं आरती आटोपली कीं दिवाणखान्यांत गाण्याची लहानशी बैठक व्हावयाची, ही पद्धत आजोबांच्या वेळेपासूनची. यंदा एका तरुण गायिकेस बोलाविलें होतें. वय पस्तिशीच्या आंतलें. कोठें नोकरी नाहीं, नभोवाणीची बांधिलकी नाहीं, चित्रपटाची वाट धरलेली नाहीं. गुरूजवळ पंधरा वर्षें शिकून आतां आपल्याच भरंवशावर गाणाऱ्या. अशा मंडळींस हल्लीं 'स्वतंत्र कलावंत' म्हणतात. साथीस एक तबलजी व एक पेटीवाले होते. बाईंनीं पूरिया धनाश्री असा कांहीं मांडला कीं, एरव्हीं पंधराव्या मिनिटास घड्याळाकडे पाहणारे आमचे वडीलबंधूहि मांडी न बदलतां बसून राहिले.

गाणें संपल्यावर पानें मांडलीं. गवई मंडळी जेवावयास बसली म्हणजे एक दुसरीच बैठक सुरू होते, आणि पुष्कळदां ती पहिलीपेक्षां कमी मोलाची नसते. आमची पुतणी बँकेंत नोकरीस आहे व सात वर्षें गाणें शिकते आहे. तिनें वाढतां वाढतां विचारलें, "ताई, रियाज रोज किती वेळ करावा?"

"वेळ मोजूं नकोस, काय दुरुस्त झालें तें मोज," बाई म्हणाल्या. "पहिलीं तीन वर्षें मी पहाटे नुसता खर्ज लावीत होतें. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनीं तक्रार केली, तेव्हां खिडक्या लावून, पुढ्यांत उशी घेऊन लावला. आणि आवाज बसला तर भिऊं नकोस. बसलेल्या आवाजाचें आपण काय करतों, यावर पुढचें गाणें ठरतें."

त्यावरून अल्लादियाखांसाहेबांची (१८५५–१९४६) गोष्ट निघाली. तरुणपणीं एका संस्थानिकाच्या पदरीं असतां त्यांना दिवसांमागून दिवस तासन्‌तास गावें लागलें, व त्यांत त्यांचा आवाज गेला. पुष्कळ खटपटीनंतर तो परत आला, पण पहिल्यासारखा नव्हे. मग त्या नव्या आवाजास शोभेल व झेपेल अशी गायकी त्यांनीं घडविली. तीच पुढें केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यांतून महाराष्ट्रानें ऐकली. खांसाहेबांनीं हें सारें उतारवयांत आपल्या नातवास सांगितलें, म्हणून तें आज आपणांस ठाऊक आहे. गवई स्वतःच्या विद्येविषयीं बोलतो तेव्हां केवढें धन हातीं लागतें, याचें हें एक उदाहरण. दुसरें गोविंदराव टेंबे यांचें. त्यांचा 'माझा संगीत व्यासंग' १९३९ सालीं प्रसिद्ध झाला. पेटीवर फिरणारा हात लेखणीवरहि किती सहज फिरतो, हें तो ग्रंथ वाचणारास सांगावयास नको.

गोष्टी अशा रंगल्या असतां आमच्या दादांनीं विचारलें, "हें सारें उत्तम. पण पोटापाण्यासाठीं काय करतां?"

प्रश्न वाईट हेतूनें विचारलेला नव्हता. आमच्यासारख्या घरांत पाहुण्यास हा प्रश्न विचारण्याची रीतच आहे. बाई हंसल्या. "महिन्यास दोन मैफली, कधीं एकहि नाहीं. बाकी शिकवण्या. पहाटे साडेपांचला न्यू जर्सीची एक मुलगी संगणकावर शिकते, रात्रीं दहाला लंडनचे एक गृहस्थ. रियाजाचा उत्तम वेळ मी विकतें, आणि उरेल त्या वेळांत रियाज करतें."

तबलजींनीं २०२० सालची आठवण काढली. मार्च महिन्यांत टाळेबंदी झाली, आणि वहींत लिहून ठेवलेले अकरा कार्यक्रम त्यांनीं एका आठवड्यांत खोडले. पावसाळ्यापर्यंत तबल्याच्या दोन जोड्या विकल्या. "लोक त्या दिवसांत घरबसल्या पुष्कळ गाणें ऐकत होते, काका," ते म्हणाले, "पण फुकट ऐकत होते." पेटीवाल्यांचें गाऱ्हाणें आणखी अलीकडचें होतें. आतां यंत्रास चार ओळी लिहून दिल्या कीं तें सुरावटीसह गाणें तयार करून देतें. जाहिरातींचीं जीं लहानसहान कामें त्यांना मिळत, तीं त्यापायीं गेलीं होतीं.

निघण्याची वेळ झाली. दादांनीं रीतीप्रमाणें शाल व श्रीफळ दिलें, वहिनींनीं डब्यांत एकवीस मोदक भरून दिले. "गणपतीपुढें सेवा झाली," दादा समाधानानें म्हणाले, "तुमचेंहि भाग्य व आमचेंहि."

बाई कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं नमस्कार केला. तबलजी मात्र डग्गा पिशवींत घालतां घालतां हंसून म्हणाले, "होय काका. गणपति आमच्याहि घरीं बसले आहेत. त्यांनाहि नैवेद्य लागतो."

दिवाणखान्यांत एकदम शांतता झाली. कोपऱ्यांत खुर्चीवर आमची आई बसली होती. तिला ब्यायशीवें वर्ष चालू आहे, पण ऐकूं चांगलें येतें. तिनें विचारलें, "अरे, मांडववाल्याचे पैसे दिलेस?"

"दिले."

"आचाऱ्याचे?"

"त्याचे तर आगाऊ दिले."

"गुरुजींची दक्षिणा?"

"पूजा सांगून उठले तेव्हांच."

"मग यांचे?"

दादांजवळ उत्तर नव्हतें, आणि आमच्याजवळहि नव्हतें. बाई ओळखीतून आल्या होत्या. ओळखीच्या माणसाशीं पैशाची भाषा कशी बोलावी, म्हणून कोणींच ती बोललें नव्हतें. आई उठून आंत गेली, आपलें कपाट उघडून तिनें एक पाकीट आणलें व तें बाईंच्या हातीं दिलें. त्यांत किती होतें हें तिनें सांगितलें नाहीं व आम्हीं विचारलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं दादा आणि आम्ही याविषयीं बोलत बसलों. दादांचें म्हणणें असें कीं, पूर्वीं गवई पैशाचें नांव काढीत नसत. कलेचा बाजार मांडूं नये. हें म्हणणें वरवर पाहतां फार उदात्त आहे, आणि तें आमच्या पिढीच्या पुष्कळ घरांतून ऐकूं येतें. पण पूर्वींचे गवई पैशाचें नांव काढीत नसत, याचें कारण त्यांच्या खाण्यापिण्याची काळजी दुसरा कोणी वाहत होता. अल्लादियाखांसाहेब कोल्हापुरास शाहू महाराजांच्या आश्रयास होते. १९२२ सालीं महाराज निवर्तले, आणि साठी उलटून गेल्यावर खांसाहेबांस मुंबईची वाट धरावी लागली. आश्रयदाता गुणज्ञ असला तर गवयाचें कल्याण. तो लहरी असला तर काय होतें, हें खांसाहेबांच्याच तरुणपणच्या गोष्टींत आलें आहे. गळा गवयाचा, पण तो केव्हां थांबावा हें दुसऱ्यानें ठरवावयाचें.

ही अवस्था ज्यांना सोसवली नाहीं त्यांत पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) अग्रेसर होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ मिरजेस शिकून १८९६ सालीं त्यांनीं तें गांव सोडलें. समारंभाला मोठमोठ्यांना बोलावणें जातें, पण आपल्या गुरूंस तें जात नाहीं, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली होती, असें सांगतात. पुढें सौराष्ट्रांत त्यांनीं तिकीट लावून जाहीर गायन केलें. जो पैसे देईल त्यानें ऐकावें, मग तो सरदार असो कीं कारकून, ही कल्पना त्या काळीं नवीन होती. ५ मे १९०१ रोजीं लाहोरास त्यांनीं गांधर्व महाविद्यालय काढलें, तें एका राजाच्या नव्हे तर लोकांच्या बळावर. या स्वातंत्र्याची किंमतहि त्यांनीं भरली: मुंबईस उभारलेली विद्यालयाची वास्तु अखेर कर्जापायीं हातची गेली.

राजे मागें पडले तसे दुसरे यजमान पुढें आले. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें ग्रामोफोनच्या तबकडीवर उतरलें. तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटें मावत, म्हणून तासाभराचा ख्याल तीन मिनिटांत बसविण्याची विद्या गवयांस शिकावी लागली. गाणें घरोघर पोंचलें, हा लाभ निःसंशय मोठा. पण तबकडीची मालकी कंपनीची राहिली. चित्रपटांत तोच क्रम चालला. १९६० नंतरच्या कांहीं वर्षांत लता मंगेशकर यांनीं, गाणें विकलें जातें तोंवर गाणारासहि वांटा मिळाला पाहिजे, असा आग्रह धरला. महंमद रफी यांचें मत असें पडलें कीं, गाण्याचे पैसे एकदां मिळाले म्हणजे व्यवहार पुरा झाला. या मतभेदामुळें दोघे कांहीं वर्षें एकत्र गायले नाहींत. गीतकार व संगीतकार यांच्या मानधनाचा वांटा कोणत्याहि करारानें कायमचा लिहून घेतां येऊं नये, आणि गाणारावाजविणारासहि व्यापारी उपयोगाचा वांटा मिळावा, अशी तरतूद आपल्या कायद्यांत व्हावयास २०१२ साल उजाडावें लागलें.

आणि आज? आज गाणें मोबाईलवर आहे. महिन्याची वर्गणी भरली कीं जगांतलें बहुतेक गाणें आपल्या खिशांत. आमचा समज असा होता कीं, आपण मारवा ऐकला तर आपल्या वर्गणींतील पैसे मारवा गाणारास मिळतात. पुतणीनें तो दूर केला. सर्वांच्या वर्गण्या व जाहिरातींचें उत्पन्न हीं एका हौदांत जमतात. कंपनी आपला भाग काढून घेते आणि उरलेलें पाणी, एकंदर जगानें काय किती वेळां ऐकलें या प्रमाणांत, वांटलें जातें. म्हणजे आपण महिनाभर मारव्यावांचून कांहीं ऐकलें नाहीं, तरी आपल्या वर्गणीचा मोठा भाग ज्यांचीं गाणीं कोट्यवधि वेळां वाजतात त्यांच्याकडे जावयाचा. त्यांतहि स्पॉटिफाय कंपनीनें २०२४ सालापासून असा नियम केला आहे कीं, जें मुद्रण मागील बारा महिन्यांत हजार वेळां ऐकलें गेलें नाहीं, त्याचा वांटा निघतच नाहीं. एखाद्या बैठकीच्या गवयानें तासभराचा ख्याल तेथें ठेवला व नऊशें रसिकांनीं तो एकेकदां मन लावून ऐकला, तर त्याच्या हातीं पडणारी रक्कम शून्य.

या सर्वांवर कलावंतांनीं हातपाय हालविले नाहींत असें नाहीं. शुभा मुद्गल व अनीश प्रधान यांनीं २००३ सालीं अंडरस्कोअर रेकॉर्ड्स काढली, ती आपल्या मुद्रणाची मालकी व विक्री कलावंतांच्याच हातीं राहावी या विचारानें. किशोरी आमोणकर यांनीं लहानपणीं आईबरोबर दौऱ्यावर जातांना मोगूबाईंच्या वांट्यास येणारी वागणूक पाहिली होती, आणि पुढें आपल्या मानाविषयीं त्या काटेकोर राहिल्या, हें त्यांनीं स्वतःच सांगितलें आहे. त्यांच्या या काटेकोरपणास आपण रसिकांनीं 'तऱ्हेवाईकपणा' म्हटलें. तीच अट एखाद्या वकिलानें किंवा डॉक्टरानें घातली असती, तर तिला आपण 'शिस्त' म्हटलें असतें.

दादांचा आणखी एक आक्षेप होता, तोहि सांगितला पाहिजे. जेवतांना बाईंनीं मिरवणुकींतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतींविषयीं चार कडक शब्द काढले होते. २००० सालच्या नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, पण विसर्जनाच्या दिवशीं तिचें कोणास स्मरण राहतें, असें त्या म्हणाल्या. दादांचें मत पडलें कीं, गवयानें गावें. चालू घडामोडींच्या भानगडींत पडूं नये.

येथें मात्र आम्हांस दादांशीं वाद घालावा लागला. ज्याची सारी विद्या कानावर उभी आहे, त्यानें कानाविषयीं बोलूं नये तर कोणीं बोलावें? आणि गवई बोलतो, त्यांत नवीन तें काय? पलुस्कर काँग्रेसच्या अधिवेशनांत वंदे मातरम् म्हणत. १९२३ सालीं काकिनाड्यास अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनीं तेथें गायन होण्यास हरकत घेतली. पंडितजी थांबले नाहींत, त्यांनीं गीत पुरें केलें. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांनीं डफावर जें सांगितलें, तें सभेंतील भाषणांच्या आधीं गांवोगांव पोंचलें. या मंडळींचें प्रत्येक मत आपणांस पटावें असें नाहीं. पण तीं मतें त्यांना मांडतां आलीं, कारण त्यांचें तोंड बंद करूं शकेल असा कोणी एकच अन्नदाता त्यांच्या डोक्यावर नव्हता. गवयाचें बोलणें व गवयाची बिदागी हे दोन वेगळे विषय नाहींत, हें तेव्हां आमच्या लक्षांत आलें. ज्याला पोटासाठीं एकाचेंच तोंड पाहावें लागतें, त्याला त्या एकाला आवडेल तेंच गावें व बोलावें लागतें. शंभर श्रोत्यांनीं थोडें थोडें दिलें, तर तो शंभरांपैकीं कोणाचाहि मिंधा राहत नाहीं. राजे गेले, आणि कंपन्यांचा हौद असा. तेव्हां गवयास मोकळें ठेवण्याचें काम आतां तुमच्याआमच्यासारख्या गृहस्थांकडेच आलें आहे.

दादा यावर कांहीं बोलले नाहींत. पण हा वाद तेवढ्यावर संपणार नव्हता.

पितृपंधरवडा संपून नवरात्र बसलें, आणि घटस्थापनेच्या दिवशीं पुतणीनें सर्वांपुढें सांगितलें कीं, तिला बँकेंतील नोकरी सोडून पूर्णवेळ गाणें करावयाचें आहे. घरांत काय झालें असेल याची वाचकांस कल्पना येईलच. वहिनींचें म्हणणें, महिन्याच्या महिन्यास हातीं येणारें वेतन सोडणें शहाणपणाचें नाहीं. आणि तें म्हणणें खोटें नव्हे. पहाटेच्या शिकवण्या व विकलेले तबले यांच्या गोष्टी वहिनींनींहि त्या रात्रीं ऐकल्या होत्या. दादा दोन दिवस गप्प होते. गणपतींतली ती शांतता त्यांच्याहि मनांतून गेली नसावी. तिसऱ्या दिवशीं तेच म्हणाले, "घरांत अकरा माणसें जेवतात. एका पानाचा भार जड होत नाहीं. छप्पर व दोन वेळचें जेवण घरचें. बाकीचा खर्च तिनें शिकवण्यांतून भागवावा. दोन वर्षांनीं पुन्हां बसून बोलूं." एकत्र कुटुंबाच्या अडचणी आम्हीं या सदरांत पुष्कळदां मांडल्या आहेत. त्याचा हा उपयोग मात्र आजवर आमच्या ध्यानांत आला नव्हता.

आईनें एक अट घातली. "ओळखीच्या घरीं फुकट गायची नाहींस," ती नातीस म्हणाली. "आपण त्या मुलीला नारळावर वाटेला लावणार होतों. तसें कोणीं तुला लावलें, तर मला सोसणार नाहीं."

या अटींत आम्हां श्रोत्यांस करण्यासारखें सर्व आलें आहे. घरच्या बैठकीस गवयास बोलवावयाचें तर बिदागीचा आंकडा आधीं, स्पष्ट शब्दांत, त्यांना विचारून ठरवावा. तो आपणांस झेपत नसेल तर तसें सांगावें, पण ओळखीचा आडोसा घेऊं नये. साथीदारांची वेगळी चौकशी करावी. जाहीर कार्यक्रमास ओळखीनें पास मागण्याऐवजीं तिकीट काढावें, व बरोबर घरांतील एका मुलास न्यावें. मुद्रण आवडलें तर शक्य तेथें तें गवयाकडूनच विकत घ्यावें. आणि गाणें संपल्यावर ते आपल्या विद्येविषयीं, संसाराविषयीं, गांवच्या घडामोडींविषयीं बोलूं लागले, तर घड्याळाकडे न पाहतां ऐकावें.

आमच्या घरीं सणावारांच्या खर्चाची एक वही आहे. तींत गणपतीचें पान दरवर्षीं तेंच असतें: मूर्ति, मांडव, फुलें, आचारी, गुरुजींची दक्षिणा. परवां आईनें ती वही मागवून घेतली, चष्मा लावला, आणि पुढील वर्षाच्या पानावर दक्षिणेच्या खालीं आपल्या हातानें एक ओळ वाढविली: 'गाणें – बिदागी, आगाऊ ठरवून.' पुढचा आंकडा तिनें मोकळा ठेवला आहे. तो दादांनीं भरावयाचा आहे.